बीपीएम जुळूनही सेट का विस्कटतो? ब्रिटिश ब्रेक, डच किक आणि मधला युरोप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड तासाचा ओल्डस्कूल हार्डकोर (१९९० च्या दशकातलं कडक, वेगवान नृत्यसंगीत) सेट वाजवायचा आहे. हाताशी १९९२ ची ब्रिटिश ट्रॅक्स आहेत आणि १९९५ च्या आसपासचं गॅबर, म्हणजे हार्डकोरची डच शाखा आहे. डीजे कंट्रोलरवर सिंक (वेग आपोआप जुळवणारं बटण) लावलं की बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, तंतोतंत जुळतो, पण एक ट्रॅक दुसऱ्यावर चढवला की नुसती गिचमिड होते आणि नाचणारे बाजूला होतात. मित्र म्हणतात, गॅबर हेच खरं हार्डकोर, ब्रिटिश माल काढून टाक. तर खरं कुठलं?

दोन्ही खरी आहेत. तुमची अडचण खऱ्या-खोट्याची नाहीच. एकाच मुळापासून निघालेली दोन संगीतं तुम्ही अशा टप्प्यावर एकत्र आणताय, जिथे ती एकमेकांपासून सर्वांत लांब गेली होती. मी रॉटरडॅममध्ये राहतो आणि जुन्या रेकॉर्ड्सचे सेट बरीच वर्षं वाजवत आलोय, त्यामुळे कान डच बाजूला थोडा झुकलेला आहे हे आधीच सांगतो. तरी रेकॉर्डच्या पेटीत मला ब्रिटिश माल तितकाच लागतो, आणि तो कुठे बसतो, कुठे बसत नाही हे सांगता येईल.

आधी तांत्रिक भाग, कारण गिचमिड तिथे होते. १९९१-९२ च्या ब्रिटिश हार्डकोरमध्ये ताल ब्रेकबीटचा असतो. जुन्या फंक आणि सोल रेकॉर्डवरचा ड्रमरचा चार-सहा सेकंदांचा तुकडा सॅम्पलरमध्ये (आवाज साठवून हवा तसा वाजवणारं यंत्र) घ्यायचा, वेग वाढवायचा आणि फिरवत ठेवायचा. 'द विन्स्टन्स'च्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' मधला तुकडा सगळ्यांत प्रसिद्ध, पण १९९२ पर्यंत लिन कॉलिन्सच्या रेकॉर्डवरचा ठेकाही तितकाच ऐकू येतो. हा माणसाने हाताने वाजवलेला ठेका आहे. दोन ठळक आघातांच्या मध्ये स्नेअरवर बारीक, दबके आघात असतात आणि नाचणाऱ्याचे पाय त्यांच्यावरच चालतात. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) त्या मानाने हलकी. तळाचा भार असतो सब-बेसवर (अगदी खोल बेस), आणि हा सब-बेस थेट जमैकन साउंड सिस्टिमच्या परंपरेतून, लंडनच्या रेगे आणि डान्सहॉलमधून आलेला आहे.

गॅबरमध्ये हे सगळं उलट. तिथे रोलँड टीआर-९०९ या ड्रम मशीनच्या किकचा सिग्नल मिक्सरमधून किंवा डिस्टॉर्शनमधून इतका जोरात ढकलतात की लहरीचे माथे कापले जातात. साधी किक क्षणात विरते. माथे कापलेल्या किकची शेपटी मात्र लांबते, तिच्यात वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या वरचे उपस्वर) भरतात आणि तिला चक्क स्वर येतो. म्हणजे ती एकाच वेळी ढोलही असते आणि बेसही. वेगळी बेसलाइन बहुतेक वेळा नसतेच, कारण तिला जागा उरलेली नसते.

आता ब्रिटिश ट्रॅकवर गॅबर चढवा. तळाच्या त्याच पट्ट्यात एका बाजूला सब-बेस, दुसऱ्या बाजूला स्वर असलेली किक, आणि दोघांचे स्वर जुळण्याचं काही कारण नाही. वर ब्रेकमधले बारीक आघात किकच्या हार्मोनिक्सखाली झाकले जातात. नाचणाऱ्याला ज्याच्यावर पाय टाकायचे तेच ऐकू येईनासं होतं. मात्रा जुळली, ठेका हरवला. सिंकचं बटण फक्त मात्रा जुळवतं.

वेगाचं गणितही बघा. १९९१ च्या शेवटाला ब्रिटिश ट्रॅक्स साधारण १३० च्या आगेमागे होती, १९९२ मध्ये १३५-१४५, १९९३ मध्ये १५०-१६०. रॉटरडॅमचं गॅबर १९९२-९३ मध्ये १५०-१७०, १९९५ मध्ये १८०-१९० आणि काही वेळा त्याच्याही पुढे. टेक्निक्स १२१० टर्नटेबलवर पिच (वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी) अधिक-उणे ८ टक्के हलतो. १३८ ची ब्रिटिश रेकॉर्ड ८ टक्के वर नेली तर १४९ होते, १६० ची डच रेकॉर्ड ८ टक्के खाली आणली तर १४७. म्हणजे त्या दोघी कशाबशा भेटतात. १८० ची रेकॉर्ड तितकीच खाली आणली तरी १६५ च्या वरच राहते. विनाइलवर वाजवणाऱ्यांना ही मर्यादा आपोआप शिस्त लावायची. जे एकमेकांपासून फार लांब आहे ते जोडताच यायचं नाही. तुमच्या कंट्रोलरवर सॉफ्टवेअर १३८ ला १८० पर्यंत ओढून देतं, म्हणून चूक लपते.

त्यातच की-लॉक चालू असेल तर ते आधी बंद करा. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. की-लॉक म्हणजे स्वर न हलवता वेग बदलणं, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा शिवतं. ब्रेकचे धारदार आघात त्यात बोथट होतात. या संगीताचा पोतच वेगाबरोबर स्वर वर जाण्यातून आलेला आहे. त्या काळातल्या ब्रिटिश ट्रॅकवरचा बाईचा चिरका, बालिश आवाज हा सोल गायिकेचा सॅम्पल वेगात वाजवल्यामुळे तसा लागतो. पिच ८ टक्के हलवला तर स्वर सेमीटोनच्या सव्वा ते दीडपट हलतो. एवढं हे संगीत सहज सोसतं.

आता ही फाटाफूट झाली कशी, ते सांगतो, कारण सेट कसा रचायचा याचं उत्तर त्यातच आहे.

१९९१ पर्यंत ही संगीतं एकाच पेटीत मावत होती. त्यातला मोठा वाटा बेल्जियमचा. तिथे १९८७ ते ८९ न्यू बीट चाललं, संथ, जड, साधारण ११० च्या वेगाचं. गेंटजवळच्या डेस्टेलबर्गनमधला बोकाचिओ हा क्लब त्याचं केंद्र. ती लाट ओसरल्यावर बेल्जियन निर्मात्यांनी वेग वाढवला, तो औद्योगिक कडकपणा कायम ठेवला आणि त्यावर ऑर्केस्ट्रासारखे ताठ स्टॅब (छोटे, तुटक स्वरांचे झटके) बसवले. गेंटच्या 'आर अँड एस' या रेकॉर्ड लेबलने १९९१ मध्ये 'सेकंड फेज'चं 'मेंटॅझम' काढलं. त्यामागे न्यूयॉर्कचा जोई बेल्ट्रम होता. त्यातला घोंघावणारा, खरवडणारा आवाज रोलँड अल्फा जुनो या सिंथेसायझरचा. व्हॅक्यूम क्लीनरसारखा लागतो म्हणून त्याला हूवर म्हणायला लागले. त्याच वर्षी इथे रॉटरडॅममध्ये 'ह्यूमन रिसोर्स'ने 'डॉमिनेटर' काढलं, त्यातही त्याच जातीचा आवाज.

ही दोन्ही रेकॉर्ड्स लंडनमध्ये वाजत होती, रॉटरडॅममध्ये वाजत होती, फ्रँकफर्ट आणि बर्लिनमध्येही वाजत होती. १४ डिसेंबर १९९१ ला बर्लिनच्या वाइसेनझे भागातल्या हॉलमध्ये पहिला 'मेडे' हा रेव्ह (रात्रभराची मोठी नाच पार्टी) झाला, पूर्व जर्मनीच्या 'डीटी ६४' या तरुणांच्या रेडिओला वाचवण्यासाठी. तो काळच असा होता की कडक युरोपियन टेक्नो ही सगळ्यांची सामायिक भाषा होती. पुढे प्रत्येक ठिकाणच्या नाचणाऱ्यांनी त्यातून आपल्याला हवं ते उचललं आणि बाकीचं सोडून दिलं.

ब्रिटनने त्यात ब्रेक घातला. यामागे लंडन आणि आसपासची तरुण मुलं होती, काळी आणि गोरी एकत्र, घरी रेगे, शाळेत हिपहॉप आणि शनिवारी रेव्ह. 'शट अप अँड डान्स' या गटाने हिपहॉपचे ब्रेक वेगात वाजवून सुरुवात केली, 'रीइन्फोर्स्ड' लेबल आणि 'फोरहीरो' हा गट यांनी १९९० मध्येच तो रस्ता धरला. रॉमफर्डच्या रेकॉर्ड दुकानातून 'सबर्बन बेस' हे लेबल निघालं, 'मूव्हिंग शॅडो' आलं. 'प्रॉडिजी' १९९१ मध्ये चार्टवर पोचले. बेल्जियन स्टॅब, न्यूयॉर्कचा हूवर, इटालियन हाउसचा पियानो, जमैकन बेस आणि अमेरिकन ब्रेक हे सगळं एकाच ट्रॅकमध्ये. माझ्या मते १९९२ चं ब्रिटिश हार्डकोर हे त्या दशकातलं सर्वांत मोकळ्या मनाचं नृत्यसंगीत आहे. साधनं तुटपुंजी होती. अकाईच्या सॅम्पलरमध्ये मोजकेच सेकंद मावायचे, काहींनी तर अमिगा या घरगुती संगणकावर ट्रॅक्स बनवली. स्मृती पुरावी म्हणून तुकडे वर पिच करून साठवायचे आणि वाजवताना खाली आणायचे. त्या वेळच्या आवाजातला दाणेदारपणा यातूनच आला.

ब्रिटनमध्ये कायद्यानेही हात लावला. १९९० च्या कायद्याने विनापरवाना पार्टीचा दंड २०,००० पौंडांपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत नेली, त्यामुळे परवाना असलेल्या मोठ्या रेव्ह वाढल्या. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर आठवडाभर चाललेला मोफत मेळा झाला. १९९४ च्या कायद्यात पोलिसांना अशा जमावांवर अधिकार देताना 'लागोपाठ येणारे पुनरावृत्त ठोके' अशी संगीताची व्याख्याच घातली गेली. कॅसलमॉर्टनशी नाव जोडलेल्या 'स्पायरल ट्राइब' या साउंड सिस्टिम गटाची मंडळी पुढे युरोपात गेली, आणि फ्रान्समध्ये जी फ्री पार्टी आणि टेक्निव्हलची (मोफत टेक्नो मेळ्यांची) चळवळ फोफावली तिच्यात त्यांचा मोठा हात आहे. फ्रेंच हार्डकोरला क्लबपेक्षा माळरान आणि जनरेटर जास्त जवळचे वाटतात ते म्हणून.

१९९३ मध्ये ब्रिटिश हार्डकोर आतूनच दुभंगलं. एका बाजूने पियानो आणि हसरे आवाज काढून टाकले, अंधार वाढवला, ब्रेक चिरून पुन्हा जोडले. गोल्डीच्या १९९२ च्या 'टर्मिनेटर'मध्ये ब्रेकचा स्वर वर चढत जातो पण वेग तसाच राहतो. तो प्रयोग ऐकला की हे संगीत कुठे निघालं होतं ते कळतं. त्यातून जंगल हा प्रकार आला. दुसऱ्या बाजूने पियानो आणि आनंद धरून ठेवला, तो हॅपी हार्डकोर. त्यात स्लिपमॅटसारखे डीजे. या फांदीत सुरुवातीला ब्रेक आणि सरळ किक दोन्ही असायचे. हे लक्षात ठेवा, तुमच्या सेटमध्ये पुढे उपयोगी पडेल.

आणि रॉटरडॅम. इथली गोष्ट बंदरातली आहे. पार्कझिख्त या क्लबमध्ये डीजे रॉब वाजवायचा आणि कडक, वेगवान रेकॉर्ड्सना जो प्रतिसाद मिळायचा त्यातून शहराचा कान घडला. पॉल एल्स्टाक या डीजेने १९९२ मध्ये 'रॉटरडॅम रेकॉर्ड्स' हे लेबल काढलं. त्याच्या सुरुवातीच्याच 'युरोमास्टर्स'च्या रेकॉर्डचं नाव 'ॲम्स्टरडॅम, ते कुठे आलं?' अशा अर्थाचं होतं. रॉटरडॅमचा फायनूर्ड आणि ॲम्स्टरडॅमचा आयाक्स यांच्यातलं फुटबॉलचं वैर ज्यांना माहीत आहे त्यांना या नावामागचा जोर कळेल. ॲम्स्टरडॅमच्या हाउसला इथली मुलं दिखाऊ समजत होती, त्यांना साधं आणि जोरदार हवं होतं. त्याच वर्षी 'थंडरडोम'चे कार्यक्रम सुरू झाले, मग त्यांच्या सीडी टीव्हीवरच्या जाहिरातींतून विकल्या जाऊ लागल्या, आणि ट्रॅकसूट, तासलेलं डोकं आणि पायांचा झपाझप हकन नाच छोट्या गावांपर्यंत पोचला. ब्रिटनमध्ये हे असं सरसकट राष्ट्रीय तरुण संस्कृती म्हणून कधी झालं नाही.

तासलेल्या डोक्यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात, म्हणून लिहितो. त्या गर्दीत उजव्या अतिरेक्यांचे गट शिरले होते हे खरं आहे. संगीत करणाऱ्यांतल्या अनेकांनी त्याला उघड विरोध केला हेही खरं आहे. ॲम्स्टरडॅमच्या 'मोकुम' लेबलने आपल्या रेकॉर्ड्सवर वंशवाद आणि फॅसिझमविरुद्ध गॅबरांच्या एकजुटीची घोषणा छापली. तुम्ही ही रेकॉर्ड्स वाजवताना मन खात असेल तर हा इतिहासही माहीत असावा.

जर्मनीत गोष्ट आणखी वेगळी. फ्रँकफर्टच्या 'पीसीपी' लेबलवर मार्क अकार्डिपाने वेगवेगळ्या नावांनी काम करायचा. १९९० च्या सुमाराचं त्याचं 'मेस्कॅलिनम युनायटेड' नावाने केलेलं 'वी हॅव अराइव्ह्ड' अनेक जण पहिलं हार्डकोर टेक्नो मानतात. त्याच्या किकभोवती रिकाम्या गोदामासारखी पोकळी असते. वेग फार नसतो, धाक असतो. डच लोकांनी त्याला आपलंच मानलं. बर्लिनमध्ये ॲलेक एम्पायरने 'डिजिटल हार्डकोर रेकॉर्डिंग्ज' काढून ब्रेकबीट आणि पंकची गिटार एकत्र केली, म्हणजे ब्रेक फक्त ब्रिटनचा असंही म्हणता येत नाही. इटलीत ब्रेशाजवळचा 'नंबर वन' क्लब आणि 'स्टन्ड गाइज'सारखे लोक डच किक घेऊन तिला जास्त नाट्यमय सूर देत राहिले. स्पेनमध्ये कॅटलोनियाची माकिना ही वेगवान टेक्नोची शाखा आहे, तिचा स्वभाव उत्सवी, पण तिचं घराणं वेगळं म्हणून आत्ता बाजूला ठेवू.

स्कॉटलंड मात्र बाजूला ठेवता येणार नाही. राजकीय नकाशावर ते ब्रिटनमध्ये, पण हार्डकोरच्या नकाशावर रॉटरडॅमच्या जवळ. १९९३ नंतर लंडन जंगलकडे वळलं तेव्हा ग्लासगो, एडिनबरोच्या मुलांना तो तुटक ठेका भावला नाही. त्यांना सरळ चार ठोके हवे होते. 'रेझरेक्शन'सारख्या मोठ्या रेव्हमध्ये डच डीजे येऊन वाजवायचे आणि स्कॉट ब्राउनसारख्यांनी किक थोडी हलकी, सूर जास्त उड्या मारणारे असा बाउन्सी टेक्नो घडवला. इंग्लंडमधल्या हॅपी हार्डकोरमधून पुढे ब्रेक गळत गेला त्यात या उत्तरेकडच्या संगीताचा वाटा आहे.

थोडक्यात इथपर्यंत: १९९१ सगळ्यांचं. त्यानंतर दक्षिण इंग्लंडने ठेका गुंतागुंतीचा केला, रॉटरडॅमने किक हेच वाद्य केलं, आणि स्कॉटलंड व सुरुवातीचं हॅपी हार्डकोर या दोघांच्या मध्ये उभं राहिलं. 'ओल्डस्कूल' म्हटल्यावर ब्रिटिश माणूस १९९३ च्या पुढे सहसा जात नाही, तर इथे नेदरलँड्समध्ये तो शब्द १९९५-९६ पर्यंत सहज ताणतात. तुमच्या फोल्डरमधली गाणी त्या लेबलाखाली एकत्र आली ती यामुळेच.

मग सेट कसा लावाल? हे थोडं खोलीवर आणि माणसांवर अवलंबून आहे. लहान खोलीत छोटे स्पीकर असतील तर सब-बेस ऐकूच येणार नाही आणि ब्रिटिश ट्रॅक्स पोकळ वाटतील. तिथे बेल्जियन आणि डच माल जास्त ठेवा. उघड्यावर, मोठ्या सबवूफरवर ब्रिटिश माल खुलतो. नाचणारे या संगीताला नवे असतील तर पियानो आणि गाणारे आवाज लवकर आणा. मी स्वतः देशाआधी वर्ष बघतो. गाणी वर्षाप्रमाणे लावून बघा, अर्धी गिचमिड तिथेच संपेल.

सुरुवात १९९१ च्या बेल्जियन आणि डच रेकॉर्ड्सनी करा, १२५-१३० वर. इथे किक सरळ आहे पण फाटलेली नाही, त्यामुळे त्यांच्यावर ब्रेक सुखाने बसतो. हूवर हा तुमचा दुवा. सरळ किकच्या ट्रॅकमधला हूवर चालू असतानाच हूवर असलेला ब्रिटिश ट्रॅक आणा आणि बेस अदलाबदल एका झटक्यात करा. दोन्ही ट्रॅक्सचा तळ एकत्र चार मात्रासुद्धा ठेवू नका. मग १९९२ च्या ब्रिटिश मालात चांगला अर्धा तास राहा. घाई करू नका, सेटचं मन तिथे आहे.

पुढे १९९३ च्या जंगलकडे गेलात तर तिथून गॅबरकडे परत येणं अवघड आहे, म्हणून या सेटपुरतं ते टाळा. त्याऐवजी ब्रेक आणि किक दोन्ही असलेलं १९९४ चं हॅपी हार्डकोर घ्या, १६० च्या आसपास. ट्रॅकमध्ये ब्रेक थांबून फक्त किक उरते असा भाग शोधा, आणि तिथे स्कॉटिश बाउन्सी रेकॉर्ड आणा. तिच्यानंतर १९९३ चं डच गॅबर अगदी नैसर्गिक वाटेल, कारण कानाने ब्रेक सोडलेला असेल. १९९५ चं १८० च्या वरचं काही वाजवायचंच असेल तर मिक्स करू नका. आधीचा ट्रॅक त्याच्या पडत्या भागात पूर्ण थांबू द्या आणि नवा पहिल्या किकपासून सुरू करा.

तुम्ही गोवा ट्रान्सकडून इकडे वळलात असं लिहिलंय, म्हणून एक गोष्ट. १९८० च्या दशकाच्या शेवटी अंजुण्याला वाजवणारे डीजे बेल्जियन न्यू बीट आणि ईबीएमची (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक) गाणी गायन कापून टेपवर घ्यायचे आणि वाजवायचे. पुढे तिथे डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप रुळली. उन्हात विनाइल वाकडं होतं, हे त्याचं एक साधं कारण. टेपला पिच नसल्यामुळे तिथे मात्रा जुळवून चढवण्यापेक्षा एका ट्रॅकच्या शेवटातून दुसऱ्याची सुरुवात काढण्याची पद्धत रुजली. ती सवय तुमच्या हातात असेल तर १६० वरून १८० वर जाताना तीच वापरा. आणि सुरुवातीचा ट्रॅक निवडताना न्यू बीटच्या शेवटच्या काळातलं काहीतरी घ्या, ११५ च्या आसपासचं. गोवा ट्रान्स ऐकलेल्या कानाला ते ओळखीचं लागेल, आणि तिथून १९९१ पर्यंत तीन-चार रेकॉर्ड्समध्ये पोचता येतं.